राखाडी क्रमांक सात

हुकूम मीच टाइप केला.
साडेतीन पानं, तीन प्रती, शिक्के.
'शहराची ओळख' अकरा वेळा आलं त्यात,
'टपरी' एकदाही नाही.
टपरीला तिथं 'अर्धस्थिर व्यावसायिक रचना' म्हटलं होतं,
आणि अशा सगळ्या रचनांना
स्वातंत्र्यदिनाच्या आत
राखाडी क्रमांक सात.

कंत्राट बाबाकडे गेलं. जायचंच.
तोलुकाच्या या अंगाला शिडी, ब्रश
आणि महिनोन्‌महिने बिलाची वाट बघायची ताकद
एकाच माणसाकडे.
फिदेंसियो ओरोपेसा, अक्षरं आणि चित्रं.

चाळीस वर्षं हा बाजार त्यानंच लिहिला.
हिरव्या सॉसेजच्या माळा, कोंबडीचे भाव,
'आज उधार नाही, उद्याही बघू'.
आणि दोन्या क्रेसेन्सियाच्या पत्र्यावरचं ते डुक्कर,
आचाऱ्याची टोपी घालून
स्वतःच्याच कढईत बसलेलं,
गिऱ्हाइकाला डोळा मारणारं.
ते हसतं कशाला? मी लहानपणी विचारलं होतं.
म्हणाला, रडणाऱ्याचं मांस कोण खाईल?

मुळाक्षरं मी त्याच्या शिडीखाली शिकले.
शाळेत बाईंनी 'एम' आईचा सांगितला,
मला तो मोलेचा माहीत होता,
दाट, काळा, मिरचीनं जड झालेला.
आणि आमचं ते एन्ये,
डोक्यावर भुवई असलेलं अक्षर.
'दोन्या' लिहिताना बाबा ती भुवई अशी उचलायचा
की वाटावं,
भाव ऐकून अक्षरच चकित झालंय.

सोमवारी त्यानं डुक्कर पुसायला घेतलं.
आधी कढई, मग पोट, मग टोपी.
डोळा शेवटी.
तेवढ्यात माझी जेवणाची सुट्टी झाली.
दोन्या क्रेसेन्सियानं नेहमीसारखे दोन टाको दिले,
कांदा दिला, कोथिंबीर दिली.
लिंबू दिलं नाही.

मी तसेच खाल्ले, उभ्यानं.
काय बोलणार? माझ्या बोटांना शाई नव्हती,
कीबोर्डला कुठं असते शाई.

रात्री बाबा रॉकेलनं हात धूत होता.
नखांतला राखाडी निघत होता, बाकीचा नाही.
म्हणाला, रंग पाण्यातला दिलाय त्यांनी.
मग?
खाली माझा तेलरंग,
वर चाळीस वर्षांची डुकराची चरबी.
मग सांगितलं का नाहीस?
अरिस्मेंदी साहेबांनी विचारलं नाही.
आणि त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

आता एक सांगते, त्यालाही सांगितलेलं नाही.
मसुद्यात एक ओळ होती,
'पृष्ठभाग प्रथम सोड्यानं धुऊन घ्यावा'.
तिसऱ्या पानावर ती माझ्याकडून राहिली.
चुकून की कसं, खरंच माहीत नाही.
तेव्हा जेवायची वेळ झाली होती,
आणि खिडकीतून मका भाजल्याचा वास येत होता.

सोळा तारखेला झेंडे, बँड, फोटो.
सगळी रांग एका रंगाची,
दवाखान्यात नंबर लावल्यासारखी.
पंचविसाव्या दिवशी, तव्याच्या वाफेनं,
सगळ्यात आधी
एन्येची भुवई उगवली.
बाकीचं नाव अजून राखेत,
मान तेवढा परत आला होता.
मग डुकराचा एक डोळा.

अरिस्मेंदी साहेब तपासणीला आले.
हे काय? म्हणाले.
ओल आहे, साहेब, दोन्या म्हणाली, किती देऊ?
ते पत्र्याकडे बघत राहिले,
पत्रा त्यांच्याकडे.
तीन, म्हणाले शेवटी, आणि तिखट जास्त.

फाइलला मी 'ओलीची समस्या' असं नाव दिलं,
आणि खाली उतरले.
माझी थाळी आली. कांदा. कोथिंबीर.
कडेला अर्धं लिंबू,
आधीच पिळलेलं कुणीतरी,
पण होतं.